एकमत आणि मौन



मूल शाळेत जाऊ लागले की आपण त्याला काही गोष्टी आवर्जून बजावतो. कोणाशी भांडू नकोस, उलट उत्तर देऊ नकोस, शिक्षक सांगतील ते नीट ऐक. यात गैर काहीच नाही. ज्याच्याकडून ज्ञान घ्यायचे त्याचा आदर करणे ही ज्ञानाची पहिली पायरी आहे, असेच आपले उलमा शिकवत आले आहेत. परंतु आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजात या उपदेशाला बहुधा आणखी एक वाक्य चिकटते. कधी ते उघड बोलले जाते, कधी केवळ नजरेने सांगितले जाते. आपण थोडे आहोत, आपण कशाला बोलायचे, असे ते वाक्य. मग वर्गात सहलीचा दिवस ठरताना, स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम ठरताना किंवा इतिहासाच्या एखाद्या धड्यावर चर्चा चालू असताना आपले मूल हात वर करीत नाही. शेवटी सर्वांचे एकमत झाल्याचे जाहीर होते. आपले मूलही त्या एकमतात मोजले जाते. त्याच्या मनात काय होते, हे मात्र कोणालाच कळलेले नसते.

शाळेतून लोकशाहीचे नागरिक घडतात, असे आपण नेहमी ऐकतो. मग या शाळेत मुलांनी नेमके काय शिकावे? एकमेकांशी जुळवून घेणे की आपला मतभेद मांडणे? काही समाजांत वादविवाद हा लोकशाही शिक्षणाचा प्राण मानला जातो. काही समाजांत सलोखा हे सर्वांत मोठे मूल्य समजले जाते आणि चारचौघांत विरोध करणे असभ्यपणाचे ठरते. मुस्लिम म्हणून आपण यांपैकी कोणत्या बाजूला उभे राहावे? या प्रश्नाशी एका मोठ्या मुस्लिम देशाने दीर्घकाळ झुंज दिली आहे. त्याचा अनुभव आधी पाहू आणि मग दीनच्या शिकवणीकडे वळू.

इंडोनेशियाचा धडा

तो देश म्हणजे इंडोनेशिया. 1945 मध्ये स्वीकारलेल्या त्याच्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेत पाच मूलतत्त्वे आहेत. त्यांना तेथे ‘पंचासिला’ म्हणतात. त्यांतील चौथे तत्त्व लोकशाहीचे आहे. त्याचा आशय असा की, जनतेचा कारभार शहाणपणाच्या मार्गदर्शनाखाली, विचारविनिमयाने आणि प्रतिनिधींमार्फत चालावा. या तत्त्वातील शब्द पाहिले तर मराठी वाचकाला नवल वाटेल. जनतेसाठी ‘रक्यात’, शहाणपणासाठी ‘हिकमत’, विचारविनिमयासाठी ‘मुस्यावरा’ आणि प्रतिनिधीसाठी ‘वाकिल’. म्हणजे आपले रयत, हिकमत, मशवरा आणि वकील! अरबीतले हे शब्द एकीकडे जावा-सुमात्रापर्यंत गेले आणि दुसरीकडे मराठीच्या अंगणात रुळले. विचारविनिमयाअंती होणाऱ्या एकमताला तेथे ‘मुफाकत’ म्हणतात. तोही ‘मुवाफिक’ या आपल्या ओळखीच्या शब्दाचा भाऊबंद आहे.

मशवरा आणि एकमत यांची ही जोडी तेथील खेड्यांतून आली. जावानी समाजात ‘रुकुन’ म्हणजे सलोखा फार महत्त्वाचा मानला जातो. आजही तेथे वस्तीच्या सर्वांत लहान गटाचे नाव ‘रुकुन तेतांगा’, म्हणजे शेजाऱ्यांचा सलोखा, असे आहे. गावाच्या बैठकीत हात मोजून निकाल लावायचा नाही, सर्वांना पटेल असा मार्ग सापडेपर्यंत बोलत राहायचे, अशी ती रीत. या रीतीत एक मोठी गोष्ट आहे, ती आपण मान्य केली पाहिजे. शंभरांपैकी एक्कावन्न लोकांनी हात वर केले म्हणून उरलेल्या एकोणपन्नासांचे म्हणणे आपोआप चुकीचे ठरत नाही. मोजणीत थोड्यांचा पराभव होतो. मशवऱ्यात निदान त्यांचे ऐकून घेतले जाते. आपण ज्या देशात थोडे आहोत, तेथे या गोष्टीची किंमत आपल्याला अधिक कळावयास हवी.

पण पुढे काय झाले? राष्ट्राध्यक्ष सुकार्णो यांनी एक्कावन्न विरुद्ध एकोणपन्नासची लोकशाही आपल्या मातीतली नाही, असे सांगत 1959 मध्ये ‘मार्गदर्शित लोकशाही’ आणली आणि 1960 मध्ये निवडून आलेली संसद बरखास्त केली. एकमत हवे, पण मार्गदर्शन एकाचेच! या धोरणावर देशाचे माजी उपराष्ट्राध्यक्ष मुहम्मद हत्ता यांनी 1960 मध्ये एक परखड लेख लिहिला. तो छापला एका इस्लामी नियतकालिकाने, ‘पांजी मश्याराकात’ने. त्याचे संपादक होते थोर आलिम हम्का. लेख छापल्याबद्दल त्या नियतकालिकावर बंदी आली. पुढे 1964 मध्ये हम्का यांना तुरुंगातही जावे लागले आणि त्या बंदिवासातच त्यांनी आपल्या ‘तफसीर अल-अजहर’चा मोठा भाग पूर्ण केला.

हत्ता यांचा एक मुद्दा फार मोलाचा आहे. स्वातंत्र्यापूर्वीपासून ते सांगत होते की, इंडोनेशियातील खेड्यांच्या परंपरेत केवळ बैठक, एकमत आणि परस्पर साहाय्य एवढेच नव्हते. राजाचा हुकूम अन्यायाचा वाटला तर गावाने मिळून निषेध करण्याचा आणि तरीही ऐकले नाही तर त्याचा प्रदेश सोडून जाण्याचा हक्कही त्याच परंपरेत होता. म्हणजे सलोखा आणि निषेध हे एकाच घरातले होते. राज्यकर्त्यांनी पहिला ठेवून घेतला आणि दुसऱ्याला घराबाहेर काढले.

सुहार्तो यांच्या राजवटीत हीच गोष्ट शाळांत उतरली. 1975 च्या अभ्यासक्रमात ‘पंचासिला नीतिशिक्षण’ हा विषय आला. 1978 पासून पंचासिलाच्या सरकारमान्य अर्थाचे वर्ग विद्यार्थ्यांसाठी आणि सरकारी नोकरांसाठी देशभर सुरू झाले. त्याच सुमारास विद्यापीठांतील विद्यार्थी परिषदांवर निर्बंध आले. मुलांनी मशवऱ्याचे धडे पाठ करावयाचे. प्रत्यक्ष मशवरा करावयाचा नाही, असा हा प्रकार होता. देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च सभेच्या नावातच मजलिस, मशवरा आणि रयत हे तिन्ही शब्द आहेत. त्या सभेने मार्च 1998 मध्ये सुहार्तो यांना एकमताने सातव्यांदा राष्ट्राध्यक्ष निवडले. विरोधात एकही उमेदवार नव्हता. अवघ्या दोन महिन्यांनी विद्यार्थ्यांनी संसदेची इमारत व्यापली आणि 21 मे 1998 रोजी त्यांना पायउतार व्हावे लागले. मार्चमधले एकमत खरे असते, तर मे महिना तसा उजाडला नसता.

आणखी एक कटू गोष्ट नोंदवली पाहिजे. त्याच मे महिन्यात चिनी वंशाच्या नागरिकांवर भीषण हल्ले झाले आणि 1999 पासून मलुकू बेटांवर मुस्लिम व ख्रिस्ती शेजाऱ्यांमध्ये रक्तपात झाला. त्याची कारणे अनेक होती, राजकीय आणि आर्थिकही. पण इतके तरी दिसते की, इतकी वर्षे शाळेत सलोखा घोकून घेतल्याने मनांतील तेढ मिटली नव्हती. ती बोलली गेली नव्हती, एवढेच.

दीन काय सांगतो?

यावर कोणी म्हणेल, दिव्य कुरआन तर आपल्याला एकजुटीची आज्ञा देतो. अल्लाहची दोरी सर्वांनी मिळून घट्ट धरा, फुटू नका (3:103), आपसांत तंटे केले तर तुमचे बळ जाईल (8:46), असाच तेथील आशय आहे. हे अगदी खरे आहे आणि कोणत्याही मुस्लिमाला त्याविषयी शंका असू नये. परंतु त्याच कुरआनने ईमानधारकांचे वर्णन करताना नमाज आणि दानधर्म यांच्या मधोमध परस्परांच्या मशवऱ्याला स्थान दिले आहे (42:38). ज्यांची मते आधीपासूनच एक आहेत, त्यांना मशवऱ्याची गरजच कोठे उरते? मशवऱ्याची आज्ञा आहे, याचाच अर्थ मते वेगळी असणार हे गृहीत आहे.

उहुदचा प्रसंग आठवा. शत्रू चालून येत असताना मदीनेत राहूनच बचाव करावा, असा पैगंबर मुहम्मद (स.) यांचा कल होता. बद्रच्या वेळी ज्यांना सहभागी होता आले नव्हते, त्या तरुणांचा आग्रह बाहेर पडून सामना करण्याचा होता. पैगंबरांनी (स.) त्यांचे ऐकले. पुढे तिरंदाजांनी आपली जागा सोडली आणि सुमारे सत्तर सहाबा (रजि.) शहीद झाले. अशा वेळी माणसाच्या मनात काय येते? यापुढे या पोरांचे ऐकायचेच नाही! पण त्यानंतर अवतरलेल्या आयतींत आज्ञा आली ती त्यांना माफ करण्याची, त्यांच्यासाठी क्षमायाचना करण्याची आणि कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहण्याची (3:159). एवढ्या मोठ्या आघातानंतरही मशवऱ्याचे दार बंद झाले नाही. मुलांनी एकदा चुकीचा निर्णय घेतला म्हणून त्यांना कायमचे गप्प करणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी या आयतीवर थोडे थांबून विचार करावा.

माननीय खौला बिन्त सअलबा (रजि.) यांची गोष्टही आपणांस ठाऊक आहे. पतीने जाहिलियतच्या रूढीप्रमाणे त्यांना आईसमान म्हटले आणि संसार मोडण्याची वेळ आली. त्या पैगंबरांकडे (स.) आल्या, आपले गाऱ्हाणे मांडले आणि मांडतच राहिल्या. त्या वाद घालणाऱ्या स्त्रीचे म्हणणे अल्लाहने ऐकले, या घोषणेने एका सूरहची सुरुवात झाली आणि त्या सूरहचे नावही त्याच वादावरून पडले (58:1). आपल्या मुलींना आपण ही सूरह पाठ करावयास लावतो. तिचा अर्थही त्यांना सांगतो काय?

आणि मग माननीय मूसा (अ.) आणि माननीय हारून (अ.) यांचा तो प्रसंग. मूसा (अ.) तूर पर्वतावर गेले असताना लोकांनी वासराची पूजा सुरू केली. परत आल्यावर त्यांनी आपल्या भावाला जाब विचारला. हारून (अ.) यांचे उत्तर असे की, तुम्ही बनी इस्राईलमध्ये फूट पाडली असे तुम्ही म्हणाल, याची मला भीती वाटली (20:94). वरवर पाहता असे वाटेल की त्यांनी सलोख्यासाठी मौन पत्करले. पण चारच आयती आधी कुरआन सांगतो की, हारून (अ.) यांनी लोकांना स्पष्ट शब्दांत बजावले होते: ही तुमची परीक्षा आहे, माझे ऐका (20:90). ते बोलले होते. त्यांनी जे टाळले, ते समाजाचे तुकडे करणे. सत्य सांगायचे आणि समाजही तोडायचा नाही, अशी दुहेरी कसरत त्यांनी केली. शेवटी मूसा (अ.) यांनी स्वतःसाठी आणि भावासाठी एकत्र क्षमा मागितली (7:151). दोन पैगंबरांमधील त्या कठोर संवादाची अखेर एका दुआमध्ये झाली. मतभेदाचा आदब याहून सुंदर कोठे सापडेल?

मौनाला संमती मानावे काय?

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. वर्गात गप्प राहिलेले मूल एकमतात सामील आहे, असे मानावे काय? फिकहच्या विद्वानांनी याच प्रश्नाचा शतकानुशतके काथ्याकूट केला आहे. एखाद्या आलिमने मत दिले आणि त्या काळातील इतर आलिम गप्प राहिले, तर त्याला सर्वांचे एकमत म्हणावे काय? याला ‘इज्मा-ए-सुकूती’, म्हणजे मौनातून झालेले एकमत, म्हणतात. इमाम शाफई (रह.) यांची भूमिका अशी की, जो बोललाच नाही, त्याच्या तोंडी कोणतेही मत घालता येत नाही. माणूस विचार करीत असल्यामुळे गप्प असेल, दबकून गप्प असेल किंवा दुसरा कोणी बोलेल म्हणून गप्प असेल. हनफी विद्वानांनी अशा एकमताला प्रमाण मानले, पण अटी घालून. विचार करण्यास पुरेसा अवधी मिळालेला असावा आणि मौनामागे भीती नसावी.

आपल्या कोकणातील मुस्लिम बहुतांशी शाफई आणि घाटावरील बहुतांशी हनफी. या मुद्द्यावर दोघांचे मार्ग वेगळे दिसले, तरी एका ठिकाणी ते येऊन मिळतात: भीतीपोटी पाळलेले मौन म्हणजे संमती नव्हे. मोठमोठ्या मुज्तहिदांच्या मौनाविषयी जर इतकी सावधगिरी, तर दहा वर्षांच्या मुलाच्या मौनावरून त्याची संमती गृहीत धरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

याचा एक व्यवहारी नमुना पुन्हा इंडोनेशियातच मिळतो. 1926 मध्ये स्थापन झालेल्या ‘नहदतुल उलमा’ या संघटनेत आणि तिच्या मदरशांत, ज्यांना तेथे ‘पेसांत्रेन’ म्हणतात, ‘बहसुल मसाइल’ नावाची बैठक भरते. एक प्रश्न समोर ठेवतात. तरुण विद्यार्थीही ग्रंथांचे आधार घेऊन एकमेकांची मते खोडतात. निर्णय झाला तर तो लिहून ठेवतात. नाहीच झाला, तर त्या प्रश्नापुढे ‘मौकूफ’ अशी नोंद करतात. आपल्या मराठीतला ‘मोकूफ’ तो हाच. प्रश्न तूर्त बाजूला ठेवला आहे, मिटलेला नाही, अशी ती प्रामाणिक नोंद. खोट्या एकमतापेक्षा खरा मतभेद वहीत लिहिलेला बरा, हे त्या उस्तादांना ठाऊक आहे. सरकारी शाळा सलोखा घोकून घेत होत्या, त्या काळातही या चटयांवर मशवरा चालू होता. पुढे 2022 च्या नव्या अभ्यासक्रमात इंडोनेशियाने विद्यार्थ्याच्या अंगी बाणवण्याच्या सहा गुणांत परस्पर साहाय्याबरोबर चिकित्सक विचारालाही जागा दिली. हरवलेला जोडीदार घरी परतला, असेच म्हणावे लागेल.

आदब आणि मर्यादा

येथे एक शंका रास्त आहे. मुलांना मतभेद शिकवायचा म्हणजे त्यांना उद्धट करावयाचे काय? आणि सगळेच प्रश्न चर्चेला टाकले तर ईमानाचे काय? पहिल्या शंकेचे उत्तर असे की, उद्धटपणा बहुधा दाबलेल्या बोलण्यातून जन्मतो. ज्याला आपले ऐकले जाईल अशी खात्री आहे, त्याला आवाज चढवावा लागत नाही. समोरच्याचे पूर्ण ऐकणे, त्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत पुन्हा सांगता येणे, व्यक्तीवर न घसरता मुद्द्यावर बोलणे आणि आपली चूक पटली तर ती मान्य करणे, हा आदब शिकवावा लागतो. सर्वांत उत्तम पद्धतीने वाद करा, या कुरआनी आज्ञेत (16:125) वादाला बंदी नाही, त्याला शिस्त आहे.

दुसऱ्या शंकेविषयी: तौहीद आणि नमाज या गोष्टी हात वर करून ठरत नसतात. इंडोनेशियाच्या वर्गातही नाही आणि आपल्या घरातही नाही. पण सहल, गणवेश, वर्गाचे नियम, स्नेहसंमेलनातील गाणी, एखाद्या धड्याचा अर्थ, रमजानमध्ये खेळाच्या तासाला काय करावे, हे सारे मशवऱ्याचे विषय आहेत. यांवर आपल्या मुलाने अदबीने हात वर करून आपली अडचण सांगितली, तर तो सलोखा बिघडवत नाही. उलट वर्गमित्रांना त्याला समजून घेण्याची संधी देतो. जे सांगितलेच नाही, ते शेजाऱ्याने कसे ओळखावे? आणि हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. जेथे आपण बहुसंख्य आहोत, आपल्या संस्थांच्या शाळांत आणि मोहल्ल्यातील मदरशांत, तेथे वेगळे मत असलेल्या मुलाला बोलू देणे ही आपली जबाबदारी ठरते.

हे शिक्षण घरातून सुरू होते. माननीय इब्राहीम (अ.) यांना स्वप्नात अल्लाहची आज्ञा मिळाली होती. पैगंबरांचे स्वप्न म्हणजे वह्य; तेथे माघारीचा प्रश्नच नव्हता. तरीही त्यांनी आपल्या मुलाला ते सांगितले आणि तुझे मत काय ते पाहा, असे विचारले (37:102). मुलाने स्वतः विचार करून होकार दिला. त्या होकाराला जे मोल आहे, ते जबरदस्तीच्या आज्ञापालनाला कसे येईल? आपल्या घरात मुलाची शाळा बदलताना, मुलीचे पुढचे शिक्षण ठरवताना आपण असे विचारतो काय? आणि विचारले, तर नकार ऐकण्याची आपली तयारी असते काय?

घरानंतर शाळा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठी असतात. म्हणजे कायद्याने आपल्यासाठी मशवऱ्याची मजलिस भरवून ठेवली आहे. तेथे जाऊन इतिवृत्तावर सही करून परत येणे म्हणजे मशवरा नव्हे. शाळेत पाण्याची सोय नसेल, वर्गात मुलांना धर्मावरून वा जातीवरून वेगळे बसवले जात असेल, मग ते मूल कोणाचेही असो, तर तेथे शांतपणे, नोंद होईल अशा रीतीने बोलणे हा आपला हक्क आहे. ते अमानतीचे कामही आहे. आपले वडील बैठकीत बोलतात आणि बोलल्यानंतर त्याच गृहस्थांबरोबर चहाही घेतात, हे मुलांनी पाहिले तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकाहून अधिक ती शिकतील.

म्हणून, वाचकहो, पुढच्या वेळी घरात किंवा शाळेत एखाद्या गोष्टीवर सर्वांचे एकमत झाले असे कोणी जाहीर करील, तेव्हा तीन गोष्टी पाहा. नाही म्हणण्याची प्रत्येकाला निर्भयपणे संधी मिळाली होती काय? जो नाही म्हणाला, त्याचे म्हणणे ऐकून नोंदवले गेले काय? आणि निर्णय चुकला असे दिसले, तर तो पुन्हा उघडता येईल काय? या तिन्हींचे उत्तर होय असेल, तर त्या निर्णयाला सर्वांनी मनापासून साथ द्यावी, मग आपले मत मान्य झालेले नसले तरी. उत्तर नाही असेल, तर त्याला एकमत म्हणू नये.

अल्लाह आपल्याला आणि आपल्या मुलांना सत्य बोलण्याचे धैर्य देवो, ते ऐकून घेण्याची सहनशीलता देवो आणि मतभेद असतानाही एकमेकांची मने जोडून ठेवो. आमीन.